विलाप कुणापाशी? ‘क्लॅन ऑफ झायमॉक्स’च्या संगीताचा मागोवा

या त्रैमासिकाच्या पृष्ठांवर संगीताचा विचार आजवर बहुधा उपासनेच्या किंवा भक्तिगीतांच्या निमित्तानेच झाला आहे. तेव्हा नेदरलँड्समधील एका वाद्यवृंदावर, तोही काळी वस्त्रे परिधान करून उदास गाणी गाणाऱ्या वाद्यवृंदावर, येथे लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन ठेवतो. घरातले एखादे वयात आलेले मूल कानांत यंत्र अडकवून असे काही ऐकू लागले, की आईवडील धास्तावतात. काळा रंग, खर्जातला आवाज, मरणाच्या आणि विरहाच्या गोष्टी या सर्वांचा धर्माशी उभा दावा असणार, असे आपण धरून चालतो. कित्येकदा हा निकाल एकही गाणे पुरते न ऐकता दिलेला असतो. आम्हीही एके काळी तो तसाच देत होतो. पुढे बैठक मारून हे संगीत ऐकले, तेव्हा आमच्या मनात एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. गाण्याने दुःखाचे करायचे काय? त्यावर फुंकर घालून ते विसरायला लावायचे, की त्याच्यापाशी थांबायचे? ‘क्लॅन ऑफ झायमॉक्स’ या समूहाची चार दशकांची वाटचाल हा प्रश्न फार स्पष्टपणे मांडते.

प्रथम या संगीतप्रकाराविषयी दोन शब्द. 1976-77 च्या सुमारास लंडनमध्ये ‘पंक’ नावाचे आरडाओरडीचे, संतापाचे संगीत उसळले. तो संताप लवकरच ओसरला आणि त्याच्यामागे एक विषण्णता उरली. मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ या समूहाने तिला वाचा दिली. त्यांच्या गायकाने मे 1980 मध्ये, ऐन तरुणपणी, आपले जीवन संपविले. राहिलेल्यांनी ‘न्यू ऑर्डर’ या नावाने नवा संसार मांडला. याच काळात सिंथेसायझर आणि तालयंत्र ही वाद्ये सामान्य तरुणांना परवडू लागली. घरच्या खोलीत बसून दोघेतिघे जण पूर्ण वाद्यवृंदाचा भास निर्माण करू शकत होते. विषण्णता आणि यंत्राचा थंड ठेका यांच्या संयोगातून जे संगीत युरोपात पसरले, त्याला ‘डार्क वेव्ह’, म्हणजे काळोखी लाट, असे नाव पडले. या लाटेतील डच समूहांत ‘क्लॅन ऑफ झायमॉक्स’चे नाव अग्रभागी घेतले जाते.

हा समूह जन्मला ते नायमेखेन शहर आपल्या वाचकांच्या परिचयाचे असावयास हवे. वाल नदीच्या काठी वसलेले हे प्राचीन शहर डच कॅथलिक जीवनाचे एक मोठे केंद्र होते. 1923 साली येथे कॅथलिक विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या प्राध्यापकांपैकी एक होते कार्मेलाईट धर्मगुरू तीतुस ब्रँड्स्मा. ते तत्त्वज्ञान आणि गूढवादाचा इतिहास शिकवीत. नाझी राजवटीस विरोध केल्यामुळे 26 जुलै 1942 रोजी डाखाऊच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला आणि 15 मे 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. परंतु 1960 नंतरच्या दोन दशकांत डच ख्रिस्तसभेची जी पडझड झाली, तिच्यातून हे शहर सुटले नाही. 2004 साली विद्यापीठाने आपल्या नावातील ‘कॅथलिक’ हा शब्द बाजूस सारून ‘राडबाउड’ या संताचे नाव घेतले, आणि 2020 साली डच बिशपांनी स्वतःस कॅथलिक म्हणविण्याचा त्याचा अधिकारच काढून घेतला. ज्या पिढीने घंटांचा नाद ऐकला, पण त्या घंटा कशासाठी वाजतात हे जिच्यापर्यंत नीट पोहोचले नाही, त्या पिढीचे हे शहर.

येथे 1980 च्या दशकाच्या आरंभी रॉनी मूरिंग्स आणि अंका वोल्बर्ट या दोघांनी ‘झायमॉक्स’ नावाने संगीतरचना सुरू केली. 1983 साली त्यांनी ‘सब्सीक्वेंट प्लेझर्स’ ही छोटी ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. तिच्या अवघ्या 500 प्रती निघाल्या. मुद्रण ओबडधोबड, आवाज दबलेला. परंतु पुढे जे यावयाचे होते त्याचे बीज तीत आहे. नंतर पीटर नूटेन हा तिसरा साथीदार मिळाला. ‘डेड कॅन डान्स’ या ऑस्ट्रेलियन समूहातील ब्रेंडन पेरी यांच्याशी ओळख झाली, त्यांच्या कार्यक्रमांच्या आरंभी गाण्याची संधी मिळाली, आणि त्या वाटेने लंडनच्या ‘फोर-ए-डी’ या ध्वनिमुद्रण संस्थेचे दार उघडले. ही संस्था छोटी, पण तिच्या संगीताला आणि वेष्टनांनाही एक स्वतंत्र चेहरा होता. वॉन ऑलिव्हर या कलावंताने केलेली ती धूसर, गूढ मुखपृष्ठे आजही संग्राहक जपून ठेवतात.

1985 साली या संस्थेने समूहाच्याच नावाची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. नावास आता ‘क्लॅन’, म्हणजे कूळ, हा शब्द जोडला गेला होता. त्याच वर्षी ब्रिटिश नभोवाणीवरील जॉन पील या प्रख्यात निवेदकाने त्यांना दोनदा आपल्या कार्यक्रमासाठी पाचारण केले. ‘ए डे’ आणि ‘स्ट्रेंजर’ ही या ध्वनिमुद्रिकेतील गाणी ऐकताना प्रथम जाणवतो तो यंत्राचा ठेका: कोरडा, न थकणारा, माणसाच्या नाडीशी जणू काही देणेघेणे नसलेला. त्यावर बेस गिटार चालते, आणि ती केवळ तालाला आधार देण्याचे आपले नेहमीचे काम सोडून स्वतःच चाल गाऊ लागते. वर सिंथेसायझरचे लांबलचक सूर एखाद्या रिकाम्या मंदिरात घुमावेत तसे पसरतात. मूरिंग्स यांचा आवाज या सर्वांच्या मागे उभा असतो. तो श्रोत्याशी बोलत नाही; आपण योगायोगाने त्याचे स्वगत ऐकतो आहोत असे वाटते. यंत्राची निष्ठुरता आणि आवाजाची अगतिकता यांचा हा झगडा हेच या ध्वनिमुद्रिकेचे मर्म आहे. नृत्यगृहातील तरुण या ठेक्यावर नाचले हे खरे. तथापि ज्या गाण्यावर माणूस एकट्यानेच नाचू शकतो, असे हे गाणे होते.

येथे त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका घटनेची आठवण होते. मे 1985 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे नेदरलँड्सच्या भेटीस गेले होते. अन्यत्र त्यांच्या दर्शनासाठी लाखोंचा समुदाय लोटत असे. येथे अनेक ठिकाणी रस्ते ओस होते, आणि उत्रेख्त शहरात निदर्शकांची पोलिसांशी चकमक झाली. या घटनेचा आणि या गाण्यांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह आम्ही टाळतो, कारण तसा पुरावा नाही. परंतु एकाच वर्षी, एकाच छोट्या देशात, एकीकडे ओस पडलेले रस्ते आणि दुसरीकडे रिकाम्या मंदिरासारखे घुमणारे हे सूर, ही दोन चित्रे आमच्या मनात शेजारी शेजारी उभी राहिली आहेत आणि ती तेथून हलत नाहीत.

1986 ची ‘मेड्यूसा’ ही आमच्या मते या समूहाची सर्वांत परिपक्व कृती. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील झगडा येथे शमलेला आहे. आरंभ शब्दांविना, केवळ वाद्यांनी होतो. ठेका मागे सरतो, तंतुवाद्यांसारखे सूर पुढे येतात, आणि ‘लुईस’ किंवा ‘मिशेल’ यांसारख्या व्यक्तिनामांच्या गाण्यांतून हरवलेल्या माणसांना हाका घातल्या जातात. हा विलाप आहे. त्यात कुणावर सूड नाही, कुणाची निंदा नाही. दुःखावर औषधही सुचविलेले नाही. आपल्या परंपरेत अशा विलापाला स्थान नाही असे ज्यांस वाटते, त्यांनी 88 वे स्तोत्र काढून पाहावे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे एक स्तोत्र अंधारातच संपते. आणि ख्रिस्तसभेने ते वगळले नाही. उलट शुक्रवारच्या रात्रप्रार्थनेत ते आजही म्हटले जाते. अंधाराला घाईने प्रकाशाचा मुलामा देऊ नये, हे आपल्या उपासनेला ठाऊक आहे.

‘मेड्यूसा’नंतर एक आडवाट फुटली, तिचा उल्लेख केल्याविना हा मागोवा पुरा होणार नाही. 1987 साली पीटर नूटेन यांनी कॅनडाचे गिटारवादक मायकेल ब्रूक यांच्या साह्याने ‘स्लीप्स विथ द फिशेस’ ही ध्वनिमुद्रिका केली. समूहाची ‘इक्वल वेज’ आणि ‘आफ्टर द कॉल’ ही दोन गाणी येथे पुन्हा भेटतात, परंतु ठेका जवळजवळ नाहीसा होऊन. उरतो तो आवाज, थोडे सूर आणि पुष्कळ शांतता. याच मायकेल ब्रूक यांनी पुढे उस्ताद नुसरत फतेह अली खान यांच्यासमवेत ‘मस्त मस्त’ ही ध्वनिमुद्रिका आणि मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्यासमवेत ‘ड्रीम’ ही ध्वनिमुद्रिका केली, हे सांगितले म्हणजे आपल्या वाचकांस त्यांच्या वृत्तीची कल्पना येईल. यंत्र काढून घेतल्यावर या गाण्यांत काय शिल्लक राहते, याची जणू ही परीक्षाच होती. आणि गाणी तीत उतरली.

यानंतरचा काळ मोठ्या बाजारपेठेचा. समूहाने लहान संस्था सोडून पॉलीग्राम या बलाढ्य समूहाशी करार केला. नावातून ‘क्लॅन ऑफ’ गळाले आणि नुसते ‘झायमॉक्स’ उरले. 1989 च्या ‘ट्विस्ट ऑफ शॅडोज’चे निर्माते पीटर वॉल्श होते. धुके निवळले. प्रत्येक वाद्य स्वच्छ, लखलखीत ऐकू येऊ लागले. अंका वोल्बर्ट यांनी गायिलेले ‘इमॅजिनेशन’ हे गीत अमेरिकेच्या पहिल्या शंभर गाण्यांच्या यादीत 85 व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. डच भूमिगत संगीतातून आलेल्या समूहास हे यश लहान नव्हे.

लोकप्रियता आली म्हणजे कला गेली, असा सरधोपट न्याय लावणारे समीक्षक या ध्वनिमुद्रिकेस नाके मुरडतात. आम्ही तसे करणार नाही. ‘इमॅजिनेशन’ हे उत्तम गीत आहे. वोल्बर्ट यांच्या हलक्या, कुजबुजत्या स्वरात एक नितळ आर्जव आहे, आणि ‘ऑब्सेशन’मध्ये जुनी व्याकुळता अजून जिवंत आहे. बिघाड येथे झाला नाही. तो पुढच्या तीन पावलांत झाला. 1991 च्या ‘फिनिक्स’मध्ये नृत्यगृहाची मागणी गाण्याच्या आत शिरली. त्यानंतर वोल्बर्ट आणि नूटेन दोघेही बाहेर पडले. 1992 ची ‘मेटामॉर्फसिस’ आणि 1993 ची ‘हेडक्लाउड्स’ यांत ठेका त्या काळच्या फॅशनप्रमाणे उड्या मारतो, आणि त्यावर ठेवलेले शब्द उपरे वाटतात. ठेका यंत्राचा म्हणून ही गाणी फसली नाहीत, कारण यंत्राचा ठेका 1985 मध्येही होता. तेव्हा माणसाचा आवाज त्याच्याशी झुंजत होता. आता त्याने यंत्रापुढे मान तुकविली. दुःख विकायचे तर ते नाचता येईल असे हवे, आणि नाचता नाचता ते दुःख आहे हे विसरताही आले पाहिजे. बाजाराची ही अट या दोन ध्वनिमुद्रिकांनी मुकाट्याने मान्य केलेली दिसते.

1997 साली मूरिंग्स यांनी ‘हिडन फेसेस’ प्रसिद्ध केली, आणि नावात ‘क्लॅन’ हा शब्द परत आला. आरंभी योजिलेले गाणे ‘गोइंग राउंड’ हे होते. हे तेच, चौदा वर्षांपूर्वीच्या त्या 500 प्रतींतील जुने गाणे. ते नव्याने बांधून घेतले होते. घर सोडून दूर गेलेल्या माणसाने परतताना मुख्य दाराने न येता लहानपणीच्या परसदारी येऊन कडी वाजवावी, तसे हे पुनरागमन आहे. गिटार पुन्हा पुढे आली, आवाज खाली उतरला, धुके परतले. 1999 च्या ‘क्रीचर्स’मध्ये, विशेषतः ‘जॅस्मिन अँड रोझ’ या गीतात, हा परतलेला सूर स्थिरावला.

येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावयास हवा. नावात ‘कूळ’ परत आले, तेव्हा कूळ उरलेच नव्हते. तिघांपैकी दोघे निघून गेले होते. पुढे नवे साथीदार आले आणि काही टिकलेही. परंतु रचना करणारा आणि गाणारा माणूस एकच. हे एकटेपण नंतरच्या ध्वनिमुद्रिकांवर पडले आहे, आणि आमचा मुख्य आक्षेपही येथेच आहे. 2001 ची ‘नोट्स फ्रॉम द अंडरग्राउंड’, 2003 ची ‘फेअरवेल’, 2017 ची ‘डेज ऑफ ब्लॅक’, 2020 ची ‘स्पायडर ऑन द वॉल’ या सर्वांत कारागिरी निर्दोष आहे. पण ‘मेड्यूसा’ ऐकताना पुढच्या वळणावर काय येईल हे कळत नसे. येथे ते बहुधा आधीच कळते. वोल्बर्ट यांचा हलका स्वर नाही, नूटेन यांची शांतता नाही. आपल्याशी वाद घालणारे कुणी राहिले नाही, म्हणजे माणूस हळूहळू स्वतःचीच नक्कल करू लागतो. निष्ठा ही मोठी गोष्ट आहे. मात्र निष्ठेची सवय झाली की तिच्यातले धाडस निघून जाते. विवाहितांस, धर्मगुरूंस आणि रोजची मिस्सा न चुकविणाऱ्या आपणा सर्वांस हे अनुभवाने ठाऊक असावे.

तरीही या समूहास ऐकणारे उरले, वाढले. जर्मनीतील लाइपझिग शहरात 1992 पासून या काळोख्या संगीताचा महोत्सव भरतो. महासाथीची दोन वर्षे सोडली, तर अलीकडच्या काळात वीस हजारांच्या आसपास लोक तेथे जमत आले आहेत, आणि मूरिंग्स यांचा समूह तेथे अनेकदा गायला आहे. या महोत्सवाचा मुहूर्त आपल्या वाचकांस चकित करील: तो भरतो पेन्टेकॉस्टच्या सुटीत. ज्या सणाच्या दिवशी एका खोलीत दारे लावून बसलेल्या भयभीत शिष्यांवर आत्म्याचा वर्षाव झाला, त्याच दिवसांत काळी वस्त्रे ल्यालेले हे हजारो जण, बाखच्या शहरात, एकमेकांचा आधार शोधीत एकत्र येतात. सुटी सोयीची म्हणून हे दिवस निवडले जातात हे उघड आहे. पण ‘कूळ’ या शब्दाचा जो अर्थ समूहाच्या आत विरून गेला, तो श्रोत्यांमध्ये उतरला, असे त्यांच्याकडे पाहून वाटते.

आणि शब्दांचेही पाहा. 2021 च्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘लिंबो’. बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या अर्भकांच्या जागेसाठी ईशज्ञान्यांनी योजिलेला हा शब्द. 2007 साली ख्रिस्तसभेच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्या कल्पनेपेक्षा तारणाच्या आशेवर भर दिला. 2024 च्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘एक्झोडस’, म्हणजे निर्गम. श्रद्धेचे घर रिकामे झाले, तरी त्यातली भांडीकुंडी भाषेत शिल्लक राहिली आहेत. एवढ्यावरून मूरिंग्स यांना छुपे भाविक ठरविण्याचा उद्योग कुणी करू नये. न मागितलेला बाप्तिस्मा देणे हा त्या कलावंताचा अपमान होईल आणि बाप्तिस्म्याचाही. मात्र एवढे म्हणता येईल, की आपले दुःख सांगावयास त्यांना जे शब्द पुरेसे खोल वाटले, ते त्यांना आपल्या अंगणात सापडले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. स्तोत्रकर्ता अंधारात आहे, परंतु त्याला ठाऊक आहे की तो कुणाशी बोलतो आहे. त्याची तक्रारही संबोधन आहे. तीतुस ब्रँड्स्मा ज्या कार्मेलाईट परंपरेत वाढले, तिच्यातील संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी रात्रीचा जो मार्ग वर्णिला, त्या रात्रीतही कुणीतरी वाट पाहत आहे याची खूण आहे. त्याच नायमेखेन शहरातून निघालेल्या या गाण्यांत रात्र तशीच आहे, विलाप तसाच आहे; संबोधन मात्र हरवले आहे. हाक जाते, आणि ती कुणास उद्देशून आहे हे हाक मारणाऱ्यास सांगता येत नाही. ‘मेड्यूसा’ ऐकताना पोटात जो खड्डा पडतो तो यामुळे. आणि ‘हेडक्लाउड्स’ ऐकताना तो पडत नाही, कारण तेथे हाकच मारलेली नाही. या दोहोंपैकी प्रार्थनेच्या अधिक जवळ कोणते, हे आम्ही वाचकांवर सोपवितो. आमचे उत्तर लपून राहिलेले नसावे.

म्हणून आईवडिलांस आमची एवढीच विनंती आहे. मुलाच्या खोलीतून असे सूर ऐकू आले, तर दार ढकलून ते बंद करण्याची घाई करू नये. शेजारी बसावे, एक गाणे पुरते ऐकावे, आणि मग विचारावे: यातले तुला काय भिडले? ज्याला दुःखाचे गाणे भिडते, त्याच्यापाशी सांगण्यासारखे दुःख असण्याचा संभव असतो. ते ऐकून घेणारे कुणी घरात आहे, एवढे त्याला कळले, तर या गाण्यांत जे संबोधन हरवले आहे त्याची पहिली अक्षरे कदाचित त्या खोलीतच जुळू लागतील.